न दिसण्याची साक्ष

माझे थोरले बंधू भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून निमतानदार म्हणून निवृत्त झाले. निमतानदार म्हणजे दुसऱ्याने केलेली मोजणी पुन्हा तपासून तिची खातरजमा करणारा अंमलदार. आणि ज्याने उभी हयात भूकरमापकांची टिपणे, फाळणीचे नकाशे आणि बांधावरून हातघाईवर आलेल्या भाऊबंदांच्या जबान्या यांतून सत्य निवडून काढण्यात घालवली, त्याची कागद वाचण्याची एक रीत बनून जाते. आतड्यावरील शस्त्रक्रियेस दोन वर्षे झाल्यावर येथे नागपुरातच त्यांचा पेट स्कॅन झाला. अहवाल हाती येताच आम्ही घरातील सर्वजण शेवटच्या परिच्छेदाकडे धावलो. दादांनी मात्र चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून सावकाश वाचावयास आरंभ केला, आणि दुसऱ्या पानावर एके ठिकाणी बोट ठेवून ते थांबले. तेथील मजकुराचा आशय असा होता की, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पाच मिलिमीटरांची एक गाठ सीटीच्या चित्रात दिसते. तीत किरणोत्सारी साखरेचे शोषण आढळत नाही. तथापि गाठीचा आकार पेटच्या विभेदनक्षमतेच्या खाली असल्यामुळे या न आढळण्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.

"अहो, म्हणजे तिथं काही नाही असंच ना?" वहिनींनी विचारले.

"तसं नव्हे," दादा म्हणाले. "इथं नकाशाचं प्रमाण अपुरं पडलंय. एकास दहा हजारच्या नकाशावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर ती जमिनीवर पाच मीटर खाते. त्या रेघेखाली बांध गेला आणि मोजणीदारानं 'बांध नाही' असा शेरा मारला, तर त्याचा कागद मी परत पाठवीत असे."

जे दिसत नाही ते नाही, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून हललेला नाही. वैद्यकाच्या दप्तरात तो एक बारीक तांत्रिक मुद्दा असेल. परंतु याच प्रश्नावर मीमांसक, नैयायिक, वेदान्ती आणि बौद्ध यांनी शतकानुशतके एकमेकांशी वाद घातला आहे. आणि तो वाद म्हणजे पंडितांच्या वाक्चातुर्याचा खेळ नसून, घरातले माणूस आजारी असताना आपण कोणत्या मनःस्थितीत रात्र काढावी याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्रथमच उमगले.

स्कॅनच्या दिवशी दादांना सहा तास उपाशी ठेवून, बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहून, मंद उजेडाच्या एका खोलीत निजवले होते. शिशाच्या जाड आवरणात बसवलेली पिचकारी घेऊन एक तरुण तंत्रज्ञ आला, त्याने औषध शिरेत सोडले, आणि "आता तासभर बोलाचं नाही काका, मोबाईल पाहाचा नाही, चुपचाप पडून राहा," असे सांगून तो इतक्या झपाट्याने निघून गेला की दादांना क्षणभर ते तुसडेपणाचे वाटले. दिवसाकाठी कितीतरी रुग्णांना असे टोचणाऱ्या त्या मुलाला प्रत्येकाजवळचा आपला क्षण मोजूनच खर्च करावा लागतो, हे मागाहून कळले तेव्हा त्यांनी बाहेर पडताना त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ते औषध म्हणजे साखरेच्या रेणूस जोडलेला फ्लुओरिन-१८ होय. कर्करोगाच्या पेशी बहुधा साखरेच्या अधाशी असल्यामुळे त्यांच्या ठायी ते अधिक साचते. त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. म्हणजे सायक्लोट्रॉनमध्ये सकाळी सिद्ध झालेल्या मालापैकी दोन तासांच्या आत निम्मा उरतो आणि चार तास भरण्यापूर्वीच चौथाई. भारतात वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र प्रथम आले ते २००२ साली, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये; त्या काळी नागपूरच्या रुग्णास हे चित्र काढून घ्यावयाचे तर बोचके बांधून मुंबई गाठणे भाग होते. आज ते घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होते, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु पेट ज्यास पाहणे म्हणतो ते आपल्या डोळ्यांचे पाहणे नव्हे. फ्लुओरिनच्या अणुगर्भातून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनचा हा उलट विद्युद्भाराचा जुळा भाऊ डिरॅकच्या १९२८ सालच्या समीकरणात प्रथम गर्भित झाला आणि १९३२ साली अँडरसनला मेघकोष्ठात त्याचा माग प्रत्यक्ष सापडला. देहाच्या द्रव्यात धडपडत थोडे अंतर जाऊन तो एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो. भेटताच दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना निघून जातात. रुग्णाभोवतीच्या स्फटिकांच्या कड्यात ते दोन्ही किरण जवळजवळ एकाच क्षणी आदळले, तर त्या दोन स्फटिकांस जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी हा विलय घडला असे यंत्र टिपून ठेवते, आणि अशा कोट्यवधी रेषांच्या गर्दीतून गणिताने चित्र उभे करते. म्हणजे यंत्रास गाठ कधीच दिसत नाही. त्यास दोन साक्षीदार भेटतात आणि त्यांच्या जबानीवरून ते जागेचे अनुमान करते. पर्वतावरील धुरावरून अग्नी जाणणारा नैयायिक आणि ते स्फटिकांचे कडे एकाच पंथाचे आहेत, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. येथे धूर उठतो तोदेखील दोन वस्तू नाहीशा झाल्यावर. विनाशाखेरीज या यंत्रापाशी दुसरा पुरावाच नसतो.

आता या अनुमानाची हद्द कोठे येते ते पाहण्यासारखे आहे, कारण ती एका जागी येत नाही. पहिली अडचण अशी की, यंत्रास कळते ती विलयाची जागा, अणूची नव्हे. पंचनामा देह जेथे पडला तेथला होतो, राहत्या घराचा होत नाही. फ्लुओरिनच्या बाबतीत हे अंतर सरासरी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरांचे असते, पेटसाठीच वापरल्या जाणाऱ्या गॅलियम-६८च्या बाबतीत ते तीन मिलिमीटरांच्या आसपास जाते. दुसरी अडचण अशी की, विलयाच्या क्षणी ते दोन कण अगदी स्तब्ध नसतात, त्यामुळे किरणांच्या दिशा तंतोतंत सरळ रेषेत न राहता पाव अंशाइतक्या इकडेतिकडे कलतात; पाव अंश म्हणजे काहीच नव्हे असे वाटते, पण ऐंशी सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात त्यामुळे पावणेदोन मिलिमीटरांपर्यंतची अस्पष्टता उत्पन्न होते. या दोन गोष्टींत कारागिराचा दोष नाही. त्या सृष्टीच्या घडणीतच आहेत. तिसरी अडचण स्फटिकांच्या रुंदीची. ती तीन-चार मिलिमीटर असते, आणि किरण स्फटिकावर नेमका कोठे आदळला हे त्याहून सूक्ष्मतेने सहसा सांगता येत नाही. त्यातून कड्याच्या मध्यापासून दूर असलेल्या जागेवरून किरण तिरका घुसला तर तो एका स्फटिकाच्या दारातून शिरून शेजाऱ्याच्या घरात सापडतो. या सर्वांची गोळाबेरीज होऊन रुग्णालयांतील यंत्रांची विभेदनक्षमता साधारणपणे चार ते सहा मिलिमीटरांवर येऊन थांबते. त्याहून जवळ असलेले दोन बिंदू यंत्रास एकच दिसतात. आणि बिंदू एकटा असला तरी तो याहून लहान असल्यास त्याचे तेज भोवतालच्या अंधारात पसरून जाते, आणि तो खऱ्याहून कितीतरी फिकट उमटतो. तशात माणूस श्वास घेतो. श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर खालीवर होते, आणि दादांची गाठ होती नेमकी फुप्फुसाच्या तळाशी. चित्र काढायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत पाच मिलिमीटरांची ती गाठ आपल्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागेत सतत येरझाऱ्या घालत होती.

पाच मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचे आकारमान सुमारे पासष्ट घन मिलिमीटर. घन मिलिमीटरात दहा लाख पेशी हा वैद्यकातील स्थूल हिशेब धरला, तर तेथे साडेसहा कोटी पेशी नांदू शकतात. इतक्या मोठ्या वस्तीविषयी यंत्र मौन पाळते.

सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत ईश्वरकृष्णाने, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. सांख्यांस त्यांची गरज होती, कारण त्यांची प्रकृती कोणास दिसत नव्हती आणि तरीही ती आहे असे त्यांस सिद्ध करावयाचे होते. अतिशय दूर असणे, अतिशय जवळ असणे, इंद्रिय बिघडणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, अधिक प्रबळ तेजाने झाकले जाणे आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, अशी ती कारणे आहेत. महाविद्यालयात असताना मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. दादांच्या अहवालानंतर पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण ईश्वरकृष्णाने ज्या हद्दी डोळ्याच्या म्हणून नोंदल्या, त्याच एकेक करून या यंत्राच्या वाट्यास आल्या आहेत. आडोसा म्हणाल तर देहच आडोसा आहे: सात सेंटिमीटर मांसातून जाताना या किरणांपैकी निम्मे गडप होतात, आणि त्याची भरपाई करण्यासाठी सीटीच्या चित्राचा आधार घ्यावा लागतो. प्रबळ तेजाने झाकले जाणे याला टीकाकार दिवसा सूर्यतेजाने लुप्त होणाऱ्या नक्षत्रांचे उदाहरण देतात. पेटमध्ये मूत्राशय असे तळपत असते की त्याच्या कडेची लहान गाठ त्या प्रभेत बुडून जावी. सारख्यांत मिसळणे याचे गौडपादाने दिलेले उदाहरण तर आपल्या स्वयंपाकघरातले आहे, मुगाच्या राशीत टाकलेला मुगाचा दाणा. दोन जवळच्या गाठी यंत्रास एक वाटतात तेव्हा घडते ते याहून वेगळे काय आहे? आणि मन ठिकाणावर नसणे हे कारण कोणत्याही यंत्राने दूर होणारे नाही. दिवसभरात किती चित्रे वाचून झाल्यावर त्या अनोळखी डॉक्टरांपुढे दादांचे चित्र आले असेल ते मला ठाऊक नाही. परंतु पाच मिलिमीटरांच्या गाठीवरून त्यांची नजर घसरली नाही, आणि दिसले तेवढे व न दिसले तेवढे दोन्ही त्यांनी लिहून ठेवले, याबद्दल मी मनोमन त्यांस नमस्कार करतो.

तथापि असलेली वस्तू न दिसण्याची कारणे मोजून झाली म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. उलट तो अधिक बिकट होतो. न दिसण्यास इतकी कारणे असतील, तर मग 'येथे घट नाही' असे तरी आपण कोणत्या बळावर म्हणतो? मीमांसक कुमारिल भट्टांनी येथे अनुपलब्धी नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले: ज्याप्रमाणे प्रत्यक्षाने वस्तूचा भाव कळतो, त्याप्रमाणे अनुपलब्धीने तिचा अभाव कळतो. मीमांसकांतल्याच प्राभाकर पंथास हे मान्य नाही. ते म्हणतात, अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाही, दिसते ती केवळ रिकामी जमीन. नैयायिक अभाव मानतात, पण त्यासाठी वेगळे प्रमाण मानीत नाहीत. या भांडणाच्या तपशिलात येथे शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती अशी एक अट, जी अभावाचे ज्ञान मानणाऱ्या या पक्षांनी निरनिराळ्या शब्दांत घातली आहे: न दिसणे योग्य असले पाहिजे. वस्तू तेथे असती तर माझ्या या इंद्रियास, या उजेडात, या अंतरावरून ती खात्रीने दिसली असती, असे म्हणता आले तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा होतो. उजेडात जमिनीवर घट दिसत नाही, तर घट नाही. अंधारात दिसत नाही, तर काहीच म्हणता येत नाही. यास योग्यानुपलब्धी म्हणतात. पेटच्या अहवालातील ते वाक्य म्हणजे दुसरे काही नसून, आमची अनुपलब्धी येथे योग्य नाही, अशी एका डॉक्टरांनी दिलेली प्रामाणिक कबुली होती.

बौद्धांचा धर्मकीर्ती या बाबतीत अधिक कठोर आहे. जी वस्तू दिसण्याजोगी आहे तिच्याच न दिसण्यावरून निषेध करता येतो, असे तो म्हणतो. आणि जी दिसण्याजोगीच नाही तिच्याविषयी न दिसणे केवळ संशय उत्पन्न करते. तेथे त्याच्या परंपरेत पिशाचाचे उदाहरण येते: पिशाच दिसत नाही एवढ्यावरून खोलीत पिशाच नाही असे ठरत नाही, आणि आहे असे तर मुळीच ठरत नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात राहून बौद्ध न्यायाची ही निर्भय शिस्त मला इतक्या उशिरा कळावी, याची खंत वाटते.

त्या आठवड्यात वहिनी टेकडी गणपतीला जाऊन आल्या. प्रसाद ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "देव तरी कुठं दिसतो? म्हणून तो नाही का?" त्यांना त्यातून धीर मिळत होता. मला मात्र भय वाटले, कारण ज्या युक्तीने त्या देवास वाचवत होत्या तीच युक्ती त्या पाच मिलिमीटरांच्या गाठीसही तितक्याच इमानाने वाचवीत होती. आणि ही युक्ती काही त्यांच्या भाबडेपणातून आलेली नव्हती. न्यायकुसुमांजलीत उदयनाचार्यांनी ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, या आक्षेपास हेच उत्तर दिले आहे: ईश्वर प्रत्यक्षास योग्यच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याने त्याचा बाध होत नाही. परंतु उदयन तेथेच थांबला नाही, हे त्याचे मोठेपण होय. न दिसण्याने निषेध होत नाही एवढ्यावरून अस्तित्व सिद्ध होते असे त्याने म्हटले नाही. त्यासाठी त्याने स्वतंत्र अनुमानांची रास उभी केली. ती कोणास पटोत न पटोत, कर्तव्य म्हणून ती उभी करावी लागते हे त्याने ओळखले होते. माझ्या मते श्रद्धावंताने आणि रुग्णाने दोघांनीही येथे सावध राहावे. अंधाऱ्या खोलीविषयी 'काही नाही' असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच 'काहीतरी आहेच' असे म्हणणाराही चुकतो. आणि भयाने पछाडलेले मन दुसऱ्या प्रकारची चूक अधिक सहजतेने करते. वहिनींची श्रद्धा अन्य पायावर उभी आहे, चाळीस वर्षांच्या नित्यक्रमावर, आणि तिला या युक्तीच्या टेकूची गरज नाही. मी त्यांना तसे बोललो नाही.

यावर कोणी म्हणेल, वाद कशास? यंत्र सुधारा म्हणजे झाले. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे अत्यंत महत्त्वाचे आहे. विभेदनक्षमता वाढविणे म्हणजे योग्यतेचे क्षेत्र वाढविणे. काल ज्याविषयी केवळ संशय शक्य होता त्याविषयी आज निश्चय शक्य होणे. त्यासाठी जगभर स्फटिक बारीक केले जात आहेत, किरण स्फटिकात किती खोल जाऊन थांबला हे वाचण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, श्वासाच्या तालावर चित्राचे तुकडे वेगळे केले जातात. दोन किरणांच्या आगमनातील कालभेद मोजून विलय रेषेवर कोठे झाला याचा अदमास घेतात: कालभेद एका सेकंदाच्या अब्जांशाच्या पंचमांशापर्यंत मोजता आला तर रेषेवरील तीन सेंटिमीटरांचा टापू ठरतो, आणि आजची उत्तम यंत्रे तेथवर पोचली आहेत. याच्या वीसपट सूक्ष्म काळ मोजता आला, तर तो टापू दीड मिलिमीटरांवर येईल, आणि त्याच्या मागे आज अनेक प्रयोगशाळा लागल्या आहेत.

परंतु सूक्ष्म पाहण्याची एक किंमत असते, आणि ती साक्षीदारांच्या संख्येत मोजावी लागते. चित्राच्या घरांची बाजू निम्मी केली की घरांची संख्या आठपट होते, आणि किरण तेवढेच असल्याने प्रत्येक घराच्या वाट्यास आठव्या हिश्श्याइतक्याच जबान्या येतात. जबान्या आठव्या हिश्श्यावर आल्या की त्यांतील चंचलता जवळजवळ पावणेतीनपट वाढते. मग औषधाची मात्रा वाढवावी तर देहास ताप, वेळ वाढवावा तर रुग्ण हालतो. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठात सायमन चेरी व रॅमसे बदावी यांनी जवळजवळ दोन मीटर लांबीचे, संपूर्ण देहास कवेत घेणारे कडे उभारले आणि २०१८ साली त्याची पहिली मानवी चित्रे प्रसिद्ध झाली. त्यामागील मुख्य विचार एरवी दोन्ही बाजूंनी निसटून जाणारे साक्षीदार वाया जाऊ न देण्याचा होता.

आणि दुसरा धोका याहून गंभीर आहे. एक बिंदू यंत्रात किती आणि कसा पसरतो हे ठाऊक असल्याने, उलट गणित करून तो पसरलेला बिंदू पुन्हा गोळा करता येतो. चित्र पाहता पाहता रेखीव होते. पण लहान तेजस्वी वस्तूच्या कडेशी त्या गणितातून एक खोटा उंचवटा उभा राहतो, आणि कधी कधी गाठ खऱ्याहून अधिक तळपते. आता तर पूर्वीची असंख्य चित्रे पाहून शिकलेली संगणकाची प्रज्ञा धूसर चित्रास रेखीव करून देते. तिच्यात उपकारकता पुष्कळ आहे, परंतु ती रेघ या रुग्णाच्या देहातून आली की इतरांच्या चित्रांच्या आठवणीतून आली, हे पाहणाऱ्यास कळेनासे होते. वेदान्तात अविद्येच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत: आवरण आणि विक्षेप. आवरणाने दोर दिसत नाही; विक्षेपाने त्या जागी सर्प दिसतो. धूसरपणा हे आवरण होय, आणि ते दूर करण्याच्या घाईत विक्षेपास आमंत्रण मिळाले तर रुग्णाचा तोटाच होईल. कारण धूसर चित्र निदान आपण धूसर आहोत असे सांगत तरी असते. दादांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे याला घरबसली मोजणी म्हणत. शेतावर पाय न ठेवता शेजारच्या गटाच्या नकाशावरून ओढलेला बांध. तो नेहमी फार सुबक असतो, सुबकपणावरूनच मला संशय येई."

दादा आम्हा धाकट्यांना लहानपणी एकदा हिंगणघाटास घेऊन गेले होते, ते मला या निमित्ताने आठवले. महाभूमापनाचा प्रणेता विल्यम लॅम्बटन तेथे २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर काम करता करता वारला. त्याची कबर तेथे आहे. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी टाकत आलेल्या या माणसाचा अर्ध्या टन वजनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरास देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळला आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने स्वतःस तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ते वर्तुळ हातांनी पुन्हा गोल केले. दादांनी ही हकीगत सांगून वर म्हटले होते, "पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की तो प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजी. दोन मोजले की तिसरा गणितानं येतोच. तरी तो मोजी, कारण चूक किती झाली ते त्याशिवाय कळत नाही." नागपूरच्या झिरो माईलवरून जाताना, तेथील चार घोड्यांच्या पुतळ्यांशेजारी १९०७ साली उभारलेल्या दगडी खांबाकडे पाहून लोक हा देशाचा मध्यबिंदू असे म्हणतात, दादा तेव्हा न चुकता सांगतात की, तो मध्यबिंदू असण्यापेक्षा तेथवर मोजत आलेल्या माणसांची खूण म्हणून अधिक मोलाचा आहे.

अहवाल घेऊन आम्ही दादांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही चित्रे पडद्यावर लावून बराच वेळ पाहिली.

"काका, आज मी 'आहे' म्हणू शकत नाही, आणि 'नाही' पण म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी सीटी परत काढू. गाठ वाढणारी असली तर तेवढ्यात कळेल, नसली तर तेही कळेल."

"म्हणजे निमताना मोजणी," दादा म्हणाले.

डॉक्टरांना तो शब्द ठाऊक नव्हता. दादांनी समजावून सांगितला, आणि मग स्वतःच विचारले, "आकारमान दुप्पट झालं तर व्यास किती वाढेल?"

"सव्वापट. पाचाचे सव्वासहा."

"एवढा फरक तुमच्या यंत्रात पकडता येतो?"

"काठावर," डॉक्टर म्हणाले. "म्हणून त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीनं काढू."

दादांच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी जे समाधान दिसले ते आश्वासनाने येणारे समाधान नव्हते. समोरच्या माणसास आपल्या साखळीची लांबी ठाऊक आहे, हे कळल्याचे ते होते.

वाचस्पती मिश्राने सांख्यकारिकेवरील तत्त्वकौमुदी या टीकेत त्या आठ कारणांमध्ये आणखी एकाची भर घातली आहे. कारिकेच्या शेवटी आलेल्या 'च' या एका अक्षरात ते कारण गर्भित आहे असे तो म्हणतो: वस्तू अद्याप प्रकट झालेली नसणे, जसे दुधात दही. जगातले सर्वांत सूक्ष्म यंत्रही दुधात दही दाखवू शकणार नाही, कारण तेथे कमतरता यंत्राची नसून काळाची असते. आणि दादांची गाठ जुन्या संसर्गाचा वाळलेला व्रण आहे की दुसऱ्या कशाचे विरजण आहे, याचा निवाडा स्फटिकांहून अधिक तीन महिन्यांच्या मुदतीकडे सोपवावा लागतो. पूर्वी मला वाटे की संशय ही मनाची दुर्बल अवस्था होय, निश्चय मिळेपर्यंत कशीबशी काढावयाची. दादांकडे पाहून आता तसे वाटत नाही. ते रोज सकाळी फुटाळा तलावाकडे फिरावयास जातात, दुपारी जुन्या पक्षकारांना मोफत सल्ला देतात, आणि गाठीचा विषय निघाला तर तो टाळीतही नाहीत, लांबवीतही नाहीत. पाच मिलिमीटर, उजवीकडे, तळाशी, शोषण अनिर्णित: एवढेच ते सांगतात, आणि त्यांच्या तोंडी तो अपुरा मजकूर इतका पुरेसा वाटतो की ऐकणाऱ्यास आणखी विचारण्याची इच्छा होत नाही.

काल संध्याकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांना पुढच्या स्कॅनची तारीख मांडून ठेवावयाची होती. वहिनींनी पेन पुढे केले. ते त्यांनी नको म्हटले. टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, प्रकाशाकडे धरून तिचे टोक पाहिले, आणि खिडकीपाशी उभे राहून पातीने ते सावकाश बारीक करून घेतल्यावर मग त्या आकड्याभोवती वर्तुळ काढले.